तुर्कांनी ठेवून घेतलं

(ठाण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

कोपरीतल्या आमच्या घरी पितृपक्षात भाद्रपद वद्य चतुर्दशीला एक पान वाढतात. दिनदर्शिकेच्या त्या चौकोनात बारीक अक्षरात 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' असं छापलेलं असतं. शस्त्राने गेलेल्यांचा तो दिवस. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले. लढाईत गेला म्हणजे गोळीनेच गेला असणार, म्हणून चतुर्दशी. घरात कधी कुणी याहून जास्त विचार केला नव्हता.

इथे समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांचं मूळ गाव महाड, पोलादपूर, खेड, माणगाव या पट्ट्यात असेल. वर्तकनगर, लोकमान्यनगर, कळवा, कोपरी सगळं तिथल्याच माणसांनी भरलंय. त्यामुळे तुमच्याही घरात कुणीतरी 'बसऱ्याला गेलेला', म्हणजे पहिल्या महायुद्धात इराकच्या आघाडीवर गेलेला, असण्याची शक्यता आहे, आणि त्याच्याबद्दल तुम्हाला एक-दोन वाक्यांपलीकडे काही माहीत नसण्याचीही.

आमच्याकडेही दोनच वाक्यं होती. एक, ते माळकरी होते. दुसरं पणजीचं. कुणी विचारलं की ती म्हणायची, "ह्यांना तुर्कांनी ठेवून घेतलं." पुढे बोलायची नाही. आत्याने हे तिच्या तोंडून ऐकलंय. नवरा 'मेला' असं जुनी बाई कशी म्हणेल? म्हणून ती असं आडून बोलते, असंच सगळ्यांनी धरलं. माझे वडीलही तसंच सांगत.

माझा शोध सुरू झाला तो ट्रंकेतल्या एका बिल्ल्यापासून. काशाचा तारा, त्यावर एकमेकांत गुंतलेल्या दोन तलवारी, मध्ये पट्टीवर '1914-15'. लहानपणी आम्ही त्याला तलवारींचा बिल्ला म्हणायचो. पणजोबा शस्त्रानेच गेले ही समजूत पक्की व्हायला त्या दोन तलवारींचाही हातभार असेल, असं मला वाटतं. चाळीस वर्षं मी तो बिल्ला पाहत होतो, पण कधी उलटा करून वाचला नव्हता. पाठीवर इंग्रजीत ठोकलेली बारीक अक्षरं होती. नंबर, 'शिपाई', नाव आणि 110 मराठा लाइट इन्फन्ट्री.

इथे जरा थांबतो, कारण ही गोष्ट कळकळीने सांगायची आहे. घरात असा बिल्ला असेल तर त्याला ब्रासो लावू नका, चिंच-मीठही लावू नका. घासून घासून अक्षरं पुसट होतात. चांदीच्या गोल पदकावर हा मजकूर कडेला असतो, ताऱ्यावर पाठीमागे असतो. माणसाच्या नावापेक्षा त्या नंबराला जास्त जपा. पलटणीच्या कारकुनाने तुकाराम कसा लिहिला, लक्ष्मण कसा लिहिला याचा काही नेम नाही. एकाच नावाची चार स्पेलिंगं सापडतात आणि एकाच पलटणीत त्या नावाचे दहा शिपाई. नंबर तेवढा फसवत नाही.

महायुद्धांत गेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत मी आधी 'रायगड' असं शोधत बसलो. काही मिळेना. रायगड हे नाव जिल्ह्याला 1981 साली मिळालं, तेव्हा तो कुलाबा होता. कुलाबा, महाड असं घातलं आणि एका रात्री ती नोंद समोर आली. तोच नंबर. वडिलांचं नाव, गावाचं नाव, दोन्ही वेडीवाकडी पण ओळखू येणारी. मृत्यूची तारीख ऑगस्ट 1916 मधली. स्मारक, बसरा.

मग मी त्या महिन्यातली लढाई शोधायला लागलो. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, ऑगस्ट 1916 मध्ये मोठी लढाईच नाही. एप्रिलमधल्या पराभवानंतर ब्रिटिश-हिंदी फौज सावरत होती, पुढची चढाई डिसेंबरात सुरू झाली. मग हे ऑगस्टमध्ये गेले कसे?

उत्तरासाठी माणूस सोडून पलटणीच्या मागे जावं लागलं. 110 मराठा ही सहाव्या पूना डिव्हिजनमधली पलटण. ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या हाताखाली ही डिव्हिजन बगदादच्या दिशेने चढत गेली, नोव्हेंबर 1915 मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला अडली, तिथून मागे फिरून तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत अल-अमारा या गावात शिरली. 7 डिसेंबर 1915 ला तुर्कांचा वेढा पडला. तो 29 एप्रिल 1916 ला शरणागतीनेच सुटला. सुमारे 13,000 माणसं कैद झाली, त्यांत 103, 110 आणि 117 या तीन मराठा पलटणी होत्या.

पलटण आत होती म्हणून आपला माणूसही आत होता असं मात्र लगेच धरू नका. वेढा पडल्यावर हिंदुस्थानातून आलेल्या नव्या तुकड्या आत पोहोचूच शकल्या नाहीत, त्या बाहेरच लढल्या. मीही इथे बराच काळ अडकलो होतो. पण '1914-15' चा तारा 1915 संपायच्या आत रणभूमीवर पोहोचलेल्यालाच मिळत असे, म्हणजे ते आधीच तिथे होते. ऑगस्टात लढाई नव्हती. आणि मग पणजीचं वाक्य आठवलं. "तुर्कांनी ठेवून घेतलं." ती आडून बोलतच नव्हती! गावात आलेली बातमी ती शब्दशः सांगत होती. तिचा नवरा कैदेत होता. चार पिढ्या आम्ही तिचं खरं बोलणं तिची रीत समजून सोडून दिलं, याचं मला फार वाईट वाटतं.

वेढ्यात काय झालं, हे त्यानंतर मी नीट वाचलं. शेवटच्या एप्रिलमध्ये पीठ माणशी रोजचं चार औंसांवर आलं. चार औंस म्हणजे 113 ग्रॅम, एका मोठ्या भाकरीचं पीठ. मांस होतं, पण घोड्याचं आणि खेचराचं. गोऱ्या सैनिकांनी ते खाल्लं. हिंदी शिपायांतल्या बहुतेकांनी कितीतरी आठवडे नाकारलं. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली, तरी पुष्कळांचं मन होईना. घरी परतल्यावर गाव काय म्हणेल, ही भीती. भाजी नाही, ताजं काही नाही, मग हिरड्या सुजून रक्त येणारा स्कर्व्ही हिंदी पलटणींत पसरला. शरण आल्यावर तुर्कांनी जाड, कडक बिस्किटं दिली. उपाशी पोटांना ती सोसली नाहीत, कित्येक तिथेच आतड्याच्या विकाराने गेले. उरलेल्यांना बगदाद, पुढे सामर्‍यापर्यंत रेल्वे आणि तिथून भर उन्हात मोसुलमार्गे पायी नेलं. पुष्कळ हिंदी कैदी रास अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर लावले गेले. ऊन, हगवण, ताप.

माझ्या वहीत मी दोन तऱ्हेने लिहितो. कागदावर सापडलं ते शाईने, मी जुळवलं ते पेन्सिलीने. नंबर, पलटण, तारीख शाईने आहे. कुत आणि कैद पेन्सिलीने आहे, पण ठसठशीत. माळकरी माणसाने घोड्याचं मांस खाल्लं नसणार, हे अगदी फिक्या पेन्सिलीने. तुम्हीही असंच करा. दहा वर्षांनी तुमचा मुलगा ती वही उघडेल, तेव्हा बाबांना काय माहीत होतं आणि बाबांना काय वाटत होतं, हे त्याला वेगळं दिसलं पाहिजे.

बसऱ्याच्या स्मारकावर कबर न सापडलेल्या 40,000 हून जास्त माणसांची नोंद आहे. तिथे दगडावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली. शिपायांसाठी पलटणीखाली फक्त आकडा आहे, 'आणि इतर इतके हिंदी सैनिक' असा. गोऱ्या शिपायाचं मात्र नाव आहे. ही वागणूक सारखी नव्हती हे कमिशनने एप्रिल 2021 च्या अहवालात कबूल करून माफी मागितली. मला त्याचा राग आहे आणि तो असायलाच हवा. आमचा माणूस त्या आकड्यातला एक आहे.

गेल्या वर्षी पितृपक्ष आला तेव्हा घरात प्रश्न पडला. शस्त्राने गेले नसतील तर चतुर्दशी कशाला? तारखेवरून पंचांगातून तिथी काढली, ती श्रावणातली निघाली. मी वही घेऊन आत्यापुढे बसलो, सगळं वाचून दाखवलं. ती ऐंशीच्या पुढची आहे. पिठाचा आकडा तिने मला दोनदा विचारला. मग म्हणाली, "त्या तिथीला आता वेगळं पान वाढू. आणि चतुर्दशी मोडायची नाही, आजी वाढायची." पान तिने स्वतः वाढलं. भाताची मूद घातली, वरण-तूप घातलं, आणि शेजारी भाताची आणखी एक मूद ठेवली.

मागच्या टेबलावर भिंग आणि दिवा ठेवला आहे. ज्यांनी बिल्ले, पदकं आणली आहेत त्यांनी तिथे यावं. एकेक उलटा करून वाचू.