बरणीतला मासा आणि वर्गातली प्रश्नावली

नमस्कार श्रोतेहो. आज बोलू या शाळेतल्या प्रयोगांत प्राण्यांना आणि माणसांना कसं वागवायचं त्याबद्दल.

एका विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होते. टेबलावर काचेची बरणी, तिच्यात एक मासा. शेजारी सुबक तक्ता: पाण्याचं तापमान किती आणि माशाचे कल्ले मिनिटाला किती वेळा हलले. शेवटच्या रकान्यात मात्र नुसती रेघ. विचारलं तर मुलगा म्हणाला, "मॅडम, तेव्हा तो मेला. हा दुसरा आहे."

त्याला काय बोलणार? मोजायचं कसं ते त्याला शिकवलं होतं, थांबायचं कुठे ते कुणी सांगितलंच नव्हतं. "रेघ खोड आणि 'मासा मेला' असं लिही," एवढंच म्हटलं.

पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, हे पाठ्यपुस्तकातच आहे; त्यासाठी मासा मारायची गरज नव्हती. रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ साली तीन गोष्टी सांगून ठेवल्यात: प्राण्याशिवाय भागतंय का बघा, नसेल तर कमीत कमी प्राणी घ्या, त्यांचा त्रास कमी करा. शाळेतले बहुतेक प्रयोग पहिल्याच प्रश्नापाशी निकालात निघतात. मुंग्यांची रांग नुसती पाहत बसलं तरी वही भरते.

माणसांचं प्रकरण जास्त अवघड, कारण ते सोपं वाटतं. "साधी प्रश्नावली तर आहे!" अमेरिकेत टस्कीगीला १९३२ ते १९७२, तब्बल चाळीस वर्षं, सिफिलिस हा गुप्तरोग झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना खरं काय ते न सांगता, उपचार न देता नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं. आपली प्रश्नावली तिथवर जात नाही, कबूल. पण न सांगता माहिती घ्यायची सवय लहान कामांतच लागते.

समजा, मुलांच्या झोपेबद्दल विचारायचंय. आधी शाळेची मंजुरी, मग पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार. हे सगळं पहिला फॉर्म वाटण्याआधी. मागाहून घेतलेली सही कामाची नाही. नाव लिहायचं नाही, एवढ्यावरही भागत नाही. तीस जणांच्या वर्गात "जुळा भाऊ आहे, डावखुरा आहे" एवढं कळलं की मूल ओळखू येतं. म्हणून नको ते प्रश्न काढूनच टाका.

आणि फॉर्म वर्गशिक्षकांनी गोळा करू नयेत. ज्यांच्या हातात मार्क, त्यांना नाही कोण म्हणणार? दाराशी एक पेटी ठेवा, घडी घातलेला कागद तिच्यात पडू दे. कोरा असला तरी.