विस्पिपूरो : रवा, लिंगनबेरी आणि हवा

ऑगस्ट सरत आला की फिनलंड-स्वीडनच्या पाइनच्या जंगलांत लिंगनबेरी पिकते. झुडूप जेमतेम वीतभर, फळं मण्याएवढी, लालभडक, आंबट-तुरट. जमीन कुणाचीही असो, रानफळं वेचायची मुभा दोन्ही देशांत सगळ्यांना आहे. या फळांत बेंझोइक आम्ल मुळातच असतं, म्हणून ती नुसत्या पाण्यात बुडवून ठेवली तरी महिनोन्‌महिने टिकतात.

त्यांचीच ही फेटलेली लापशी. फिनलंडमध्ये विस्पिपूरो, स्वीडनमध्ये क्लाप्ग्रोत. यात क्रीम नाही, अंडं नाही, जिलेटिनही नाही.

सहा जणांसाठी एक लिटर पाणी, २५० ग्रॅम लिंगनबेरी, सव्वाशे ग्रॅम साखर, १०० ग्रॅम बारीक रवा आणि चिमूटभर मीठ. भांडं स्टीलचं घ्या. आंबट रसाने अ‍ॅल्युमिनियम खराब होतं. फळं पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळा, चाळणीवर दाबून गाळा. काहीजण सालं तशीच ठेवतात, पण गाळलेली लापशी जास्त हलकी होते.

रस परत उकळीला आणून साखर, मीठ घाला. शिऱ्यासारखा रवा भाजायचा नाही, कोरडाच, बारीक धारेने सोडायचा आणि दुसरा हात सतत ढवळत ठेवायचा. एकदम ओतलात तर गुठळ्या होतात, आणि आत कोरडा रवा असलेली गुठळी पुढे कितीही फेटली तरी फुटत नाही. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं शिजू द्या. कच्चा राहिला तर दाताखाली कचकचतो.

खरी कसोटी यानंतर. भांडं गार पाण्यात ठेवा, साय धरू नये म्हणून अधूनमधून ढवळा आणि हाताला गार लागेपर्यंत थांबा. घाई इथेच नडते. गरम लापशी पातळ असते. तिच्यात कोंडलेली हवा लगेच निसटते. गार झाल्यावर रव्यातला स्टार्च घट्ट होतो आणि बुडबुड्यांना धरून ठेवतो. रात्रभर फ्रीजमध्ये राहून थिजली असेल, तर आधी चमच्याने मोडून घ्या.

आता विजेचं बीटर, पाच ते दहा मिनिटं. मिक्सरचं भांडं नको, त्याची पाती हवा भरण्याऐवजी लगदा करतात. आकार वाढत जातो, गडद लाल रंग फिकट गुलाबी होतो. रंग कुठे जात नाही. असंख्य बुडबुड्यांवरून प्रकाश विखुरतो, म्हणून तो फिका दिसतो. गुलाबी झाली तरी थांबू नका, बीटर उचलल्यावर मऊ शेंडा उभा राहायला हवा.

लिंगनबेरी मिळाली नाही तर फ्रोझन क्रॅनबेरी चालते, ती याच कुळातली. सुकवलेली, साखर लावलेली क्रॅनबेरी मात्र नको, आंबटपणा कमी पडतो.

वाढताना वर गार दूध आणि थोडी साखर. उरलेली दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये राहते. तळाशी पाणी सुटलं, तर पुन्हा फेटा.