‘ए. इनिस’ या सहीचे पत्र

दक्षिण आफ्रिकेत, क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या जवळ, एका विस्तीर्ण शेतमळ्याच्या मालकाला कॅनडाहून एक पत्र आले. त्यात मळ्यावरील जिराफांचा अभ्यास करण्याची परवानगी मागितली होती आणि खाली सही होती, ‘ए. इनिस’. पूर्ण नावाने केलेल्या विनंत्यांना इतरत्र नकारच मिळाल्यामुळे ॲन इनिस यांनी आद्याक्षरावर भागवले होते. पत्रलेखक पुरुष नसून तरुण स्त्री आहे, हे कळताच मालक बिथरला; पण ॲन मागे हटल्या नाहीत आणि १९५६ साली, वयाच्या २३व्या वर्षी, त्या मळ्यावर दाखल झाल्या.

आफ्रिकेच्या उन्हात तापलेल्या छोट्या मोटारीत तासन्‌तास बसून त्यांनी जिराफ काय खातो, केव्हा रवंथ करतो, कोणाशी झुंजतो याच्या नोंदी केल्या. त्यांनी जिराफांचे चित्रीकरणही केले आणि पुढे त्यांच्या चालीवर शोधनिबंध लिहिला. चालताना जिराफ एकाच बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकाच वेळी उचलतो, हे साध्या डोळ्यांना चटकन लक्षात येत नाही.

यानंतर चार वर्षांनी, जुलै १९६० मध्ये, जेन गुडॉल चिंपांझींच्या अभ्यासासाठी आजच्या टांझानियातील टांगानिका सरोवराकाठच्या गोंबे येथे पोहोचल्या, तेव्हा एकट्या स्त्रीला राहू देण्यास ब्रिटिश प्रशासन तयार नसल्याने त्यांची आई सोबत आली. कित्येक आठवडे चिंपांझी त्यांना पाहून दूर पळत राहिले. अखेर त्याच वर्षी, ज्याला त्यांनी डेव्हिड ग्रेबियर्ड हे नाव दिले होते तो नर, वारुळात गवताची काडी खुपसून तिला चिकटलेल्या वाळव्या खाताना त्यांना दिसला. अवजार वापरणारा प्राणी म्हणजे माणूसच, ही समजूत तिथे डळमळली. प्राण्यांना क्रमांकांऐवजी नावे देण्याबद्दल मात्र विद्वानांनी त्यांना बोल लावला. वास्तविक ओळख पटल्याशिवाय कोण कोणाशी कसे वागते हे कळणार तरी कसे? रवांडात गोरिलांच्या नाकावरील सुरकुत्यांची रेखाटने ठेवणाऱ्या डायन फॉसी आणि १९७१ पासून बोर्निओत ओरांगउटानांमागे दलदल तुडवणाऱ्या बिरुटे गाल्डिकास यांचे कामही याच ओळखीवर उभे राहिले.

गुडॉल जगप्रसिद्ध झाल्या. ॲन इनिस, लग्नानंतरच्या ॲन इनिस डॅग, यांना मात्र १९७२ साली कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाने कायम नियुक्ती नाकारली. याबद्दल विद्यापीठाने २०१९ साली त्यांची माफी मागितली, तेव्हा त्या ८६ वर्षांच्या होत्या.