दाब नेमका कुठे वाढला?

(दृश्य: आयसीयूला लागून असलेली लहान खोली. ट्रॉलीवर व्हेंटिलेटर. नळीच्या टोकाला रुग्णाऐवजी रबरी फुगा.)

निवेदन:

सकाळचा राउंड नुकताच आटोपलाय. चार रेसिडेंट आत आलेत. त्यांतल्या एकीची नाइट ड्यूटी होती. तिनं भिंतीला पाठ टेकलीय. प्रोजेक्टर बंद, फळा कोरा. मॅडम काही न बोलता व्हेंटिलेटरची नळी चिमटीत धरून दाबतात. अलार्म वाजतो.

"काय झालं?"

"पीक प्रेशर वाढलं, मॅडम." म्हणजे श्वास आत ढकलताना चढणारा सर्वांत जास्त दाब.

"ते मशीनही सांगतंय. अडलंय कुठे?"

जरा वेळ कुणीच बोलत नाही. मग एकजण पुढे होऊन इन्स्पिरेटरी होल्डचं बटण दाबतो. श्वास आत जाऊन क्षणभर थबकतो. हवेचा प्रवाहच थांबला, की वाटेतल्या अडथळ्याचा दाब हिशेबातून गळतो आणि उरतो तो फुप्फुसाच्या आतला: प्लॅटो प्रेशर. तो होता तेवढाच आहे. म्हणजे दोष वाटेत. नळी मुडपली असेल, कफ अडकला असेल, नाहीतर श्वासनलिका आवळल्या असतील.

आता मॅडम नळी सोडतात आणि फुगाच मुठीत आवळतात. पुन्हा अलार्म, पण या खेपेला दोन्ही आकडे चढलेत. भिंतीला टेकलेली सरळ होते. "न्यूमोथोरॅक्स? की ट्यूब एकाच फुप्फुसात सरकली?" म्हणजे दोष आता वाटेत नाही, फुप्फुसाशीच: एक तर छातीत फुप्फुसाबाहेर हवा साठलीय, नाहीतर श्वासनलिकेतली ट्यूब खोल गेलीय.

प्लॅटो प्रेशर म्हणजे काय, हे इथं कुणी शिकवलं नाही. ते सगळे आधीच व्हिडिओत बघून आलेत.

(दृश्य: मोबाइलवर व्हेंटिलेटरचे आलेख.)

यालाच फ्लिप्ड क्लासरूम म्हणतात. व्याख्यान घरी, गृहपाठ वर्गात. २००७ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी, तास बुडणाऱ्या मुलांसाठी आपले धडे रेकॉर्ड करायला सुरुवात केली, आणि या पद्धतीचं नाव झालं. आयसीयूला ती सोयीचीच. इथं तासाभराचं लेक्चर सलग पार पडणं म्हणजे नवलच. कुणाचं तरी बीपी कोसळतं, आणि अर्धा वर्ग उठून पळतो.

(दृश्य: फळ्यावर दोन ओळी: उंची १५५ सेंटिमीटर. वजन ८० किलो.)

पुढचा प्रश्न फळ्यावर. एआरडीएसची, म्हणजे फुप्फुसं सुजून त्यांत पाणी भरलेली रुग्ण, स्त्री. टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासात द्यायची हवा, किती ठेवाल? किलोमागे ६ मिली, हे सगळ्यांना पाठ आहे. एकजण पटकन गुणाकार करतो: ४८० मिली.

"कुठलं वजन धरलंस?"

फुप्फुसं माणसाच्या चरबीबरोबर वाढत नाहीत. त्यांचा आकार ठरतो उंचीवरून. उंचीवरून वजन काढायच्या सूत्रानं या बाईंचं वजन धरायचं ते जेमतेम ४८ किलो. म्हणजे साधारण २८७ मिली. ४८० दिले, तर किलोमागे १० मिली झाले. सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत १२ मिलीच्या गटात ३९.८ टक्के रुग्ण दगावले होते, ६ मिलीच्या गटात ३१ टक्के. तेव्हा ही चूक इथं, फळ्यासमोर झालेली बरी.

सगळं असंच सुरळीत चालतं असं नाही. कधी निम्मे जण व्हिडिओ न बघता येतात. शिक्षकाला राहवत नाही, तो तेच पुन्हा समजावून सांगतो. बघून आलेले मनात म्हणतात, उगाच जागलो. पुढच्या वेळी तेही बघत नाहीत. दोष निव्वळ आळसाचा नाही. चोवीस तास उभं राहून घरी गेलेल्या माणसाला व्हिडिओ पाठवायचा, तर तो बघायला वेळ कुणी द्यायचा? या युनिटनं तो ड्यूटीच्या तासांत बसवलाय. आणि व्हिडिओही छोटा. जुनं लेक्चर जसंच्या तसं रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकलं, की वर्ग 'उलटा' झाला असं मानणारेही आहेतच.

(दृश्य: दार उघडतं. नर्स आत डोकावते.)

"मॅडम, नवीन पेशंट. ट्यूब टाकलेली आहे. वजन सत्तर सांगतायत."

चौघंही निघतात. नाइटवालीला खरं तर घरी जायचंय. जाता जाता ती नर्सला विचारते, "सिस्टर, मेजरिंग टेप कुठे असते?"