बागेच्या राखणीला पिटबुल?

नमस्कार श्रोतेहो. आंब्याला मोहोर धरला की बागायतदार विचारायला लागतात, "डॉक्टर, राखणीला पिटबुल ठेवू काय?" वानर-माकडं बागेत उतरतात, रात्री फळ चोरीला जातं, अडचण खरीच आहे. पण हे काम या कुत्र्याचं नव्हे. का नव्हे, ते त्याच्या घराण्यात डोकावल्याशिवाय कळायचं नाही.

इंग्लंडात पूर्वी बैल खुंट्याला बांधून त्याच्यावर बुलडॉग सोडत. अशा बैलाचं मांस मऊ होतं, अशी तिथल्या लोकांची समजूत. पण खरी मौज पैजांची. बुलडॉगच्या ताकदीला टेरियरची चपळाई जोडायचे प्रयोगही तेव्हाच चालू होते. टेरियर म्हणजे बिळात शिरून कोल्हे-उंदीर मारणारा कुत्रा. बिली नावाच्या अशाच एका संकरित कुत्र्यानं १८२३ साली लंडनमध्ये साडेपाच मिनिटांत शंभर उंदीर मारले होते. १८३५ साली कायद्यानं हे खेळ बंद केले, कुत्र्यांच्या झुंजीसुद्धा. पण बैल लपवायचा कुठे? दोन कुत्रे तळघरात सहज लपतात! म्हणून झुंजी चोरून चालूच राहिल्या.

या कुत्र्याला खरा आश्रय मिळाला तो बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला, खाणकामगारांच्या आणि क्रॅडली हीथसारख्या गावातल्या साखळ्या घडवणाऱ्या लोहारांच्या घरी. तिथला तो स्टॅफर्डशायर बुल टेरियर. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या केनेल क्लबनं त्याला १९३५ साली मान्यता दिली. उंची चौदा ते सोळा इंच, वजन फार तर सतरा किलो, पण सगळं अंग पिळदार. त्याचेच भाऊबंद अमेरिकेत गेले, तिथं अंगानं वाढले आणि पिटबुल टेरियर म्हणून ओळखले जाऊ लागले. आपल्याकडे मात्र रुंद डोक्याचा दिसला की तो पिटबुल.

आता स्वभाव. झुंज चालू असताना मालकाला रिंगणात उतरून, पिसाळल्यासारख्या भांडणाऱ्या कुत्र्याला हातानं उचलावं लागे. त्या हाताला चावणारा कुत्रा कुणाला परवडणार? त्यामुळे माणसाशी मऊ आणि दुसऱ्या कुत्र्याशी कडवा, असा दुहेरी स्वभाव या रक्तात आला. चांगल्या घरातला स्टॅफर्डशायर अनोळखी पाहुण्याच्याही मांडीवर चढायला बघतो. राखणीला याचा काय उपयोग? भुंकण्यातही तो कंजूष. त्यापेक्षा आपला गावठी कुत्रा पानाच्या सळसळीलाही गाव जागं करतो.

पकडल्यावर याचा जबडा कुलुपासारखा अडकतो म्हणतात, ते खोटं. जबड्याची रचना इतर कुत्र्यांसारखीच असते. सोडायचं नाही ही जिद्द मात्र त्याची स्वतःची. मुलांना सांभाळण्यासाठीच ही जात तयार केली, हेही तितकंच खोटं. लहान मूल आणि कुत्रा, मग तो कुठल्याही जातीचा असो, दोघांना एकटं सोडू नका.

आपल्या वाड्यांत कुंपण म्हणजे कमरेएवढा चिऱ्याचा गडगा. बाहेर शेजाऱ्याची कोंबडी, मांजर, मोकाट कुत्री, सगळं उघड्यावर. शहरात फ्लॅटमध्ये वाढलेला हा कुत्रा चाकरमानी गणपतीला गावी आणतात आणि अंगणात मोकळा सोडतात, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. माणसावर माया करणारा कुत्रा कोंबडीवरही करेल असं नाही.

दुसरी भीती फुरशाची, त्या छोट्या विषारी सापाची. कातळावर, चिऱ्यांच्या फटीत फुरसं बसलेलं असतं, आणि टेरियर म्हटला की फटीत नाक घालणारच. नाकावर किंवा पायावर सूज आली, रक्त थांबेना झालं, तर झाडपाल्यात वेळ घालवू नका, थेट पशुवैद्याकडे न्या. उन्हाचंही बघा. हा कुत्रा आखूड तोंडाचा, त्यात खेळायला लागला की थांबायचं नाव नाही. वैशाखाच्या दमट दुपारी त्याला धावडवू नका. फिरवायचं ते पहाटे, नाहीतर दिवेलागणीनंतर, आणि पट्ट्यानंच.

मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागानं तेवीस जातींवर बंदी घालायला राज्यांना कळवलं होतं, त्यात पिटबुल होता. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं. कुत्र्यांच्या झुंजी लावणं मात्र प्राण्यांचा छळ रोखणाऱ्या १९६० च्या कायद्यानं गुन्हाच आहे.

इतकं ऐकूनही हाच हवा असेल, तर पिल्लू घेण्याआधी त्याची आई बघायला मागा. तिच्या अंगाला हात लावून बघा. विकणारा आई दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर पिल्लू कितीही गोंडस असो, परत या.