हजार माणसांमागे एक मत

श्रोतेहो, नमस्कार. राष्ट्रपतींची निवड जनतेने थेट करावी, की सध्याप्रमाणे खासदार-आमदारांनीच करावी, हा वाद दर पाच वर्षांनी डोके वर काढतो. माझे मत आधीच सांगतो. अप्रत्यक्ष पद्धतच राहावी. मात्र तिच्यातले मतांचे माप 1971 सालावर अडकले आहे, ते सुटले पाहिजे.

2007 च्या जुलै महिन्यातली गोष्ट आहे. बोदवड तालुक्यातल्या नाडगावात जन्मलेल्या, जळगाव आणि पुढे एदलाबाद, म्हणजे आजचे मुक्ताईनगर, या मतदारसंघांतून आमदार झालेल्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपतिपदाला उभ्या होत्या, आणि साऱ्या जिल्ह्याला घरचे कार्य असल्यासारखे झाले होते. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी एक मामा होते. नात्याने कोणाचेच नव्हेत, पण गावाचे मामा. ते मतदार ओळखपत्र खिशात घालून पारावर आले आणि शाळेच्या गुरुजींना म्हणाले, “आते मन्हं मत कोठे टाकानं?”

गुरुजींनी समजावले की हे मतदान मुंबईला विधान भवनात आमदार करतात. मामांना ते पटेना. तेव्हा गुरुजींनी खडूने पारावरच हिशेब मांडला: महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटी चार लाख, तिला 288 आमदारांनी भागायचे, आलेल्या संख्येला पुन्हा हजाराने भागायचे, म्हणजे एका आमदाराच्या मताचे मूल्य 175 येते. थोडक्यात, हजार माणसांमागे एक मत. (नागरिकशास्त्र शाळेत इतिहासाच्या शेपटाला बांधून आपण फार नुकसान करून घेतले आहे, हा हिशेब दहावी झालेल्या किती जणांना येतो, ते घरी विचारून पाहा.) मामा बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, “गुरुजी, पाच कोटी? आजचा महाराष्ट्र एवढाच?” गुरुजींना सांगावे लागले की हा आकडा 1971 च्या जनगणनेचा आहे. त्यावर मामांचा प्रश्न असा होता की त्यांची दोन्ही मुले 1971 नंतर जन्मली, ती आमदाराला मत देतात, मग आमदाराच्या मतात ती का मोजली जात नाहीत? गुरुजींनी खडू खाली ठेवला. प्रतिभाताई निवडून आल्या तेव्हा मामांनी गावात पेढे वाटले, पण तो प्रश्न त्यांनी सोडला नाही.

आता थेट निवडणुकीविषयी. घटना समितीत प्रा. के. टी. शहा यांनी प्रौढ मतदानाने राष्ट्रपती निवडावा, असे सुचवले होते. ते स्वीकारले गेले नाही, कारण खरी सत्ता मंत्रिमंडळाकडे ठेवायची होती. दोघांनाही जनतेनेच थेट निवडले की काय होते, याचा अनुभव आपल्याला दिल्लीला जाऊन घ्यावा लागत नाही. थेट जनतेतून सरपंच निवडण्याची पद्धत राज्यात 2017 मध्ये आली, 2020 मध्ये गेली आणि 2022 मध्ये परत आली. जिथे सरपंच एका पॅनेलचा आणि बहुसंख्य सदस्य दुसऱ्या पॅनेलचे असतात, तिथली मासिक सभा आठवा: “मलाही गावानेच निवडले आहे,” हे वाक्य दोन्ही बाजूंनी येते आणि पाइपलाइनचा ठराव तसाच पडून राहतो. गावात हे निभते. पण कोट्यवधी मते घेऊन आलेला राष्ट्रपती मंत्रिमंडळाचा सल्ला मुकाट्याने का मानेल?

मुद्दा पुन्हा सांगतो: पद्धत राहावी, माप बदलावे. 1971 चा आकडा 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने गोठवला, तो लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांचे वजन घटू नये म्हणून, आणि पुढे चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने ही मुदत 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. नवे आकडे लागू झाले की उत्तर प्रदेश आणि बिहारचे वजन वाढेल, केरळ आणि तमिळनाडूचे घटेल, आणि त्या राज्यांची तक्रार रास्तच असेल; तिच्यावर राज्यांनी एकत्र बसून तोड काढावी. पण त्या तक्रारीपोटी मामांच्या मुलांना, आणि आता नातवंडांनाही, हिशेबाबाहेर ठेवणे मला मान्य नाही. नमस्कार.