कामावर जाता-येता

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या दवाखान्यातल्या टेबलाच्या खणात शिंप्याकडे असतो तसला एक पिवळा टेप आहे. वजनाची तक्रार घेऊन कुणी आलं की वजनकाट्याच्या आधी मी तो टेप काढतो. पोटाभोवती टेप फिरला की माणूस नकळत पोट आत ओढतो. मी म्हणतो, "श्वास सोडा, सैल उभे राहा." मग खरा आकडा दिसतो. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा, अशी आपल्या लोकांसाठीची मर्यादा आहे.

आधी पोट का मोजायचं? पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघंही दिसायला सडपातळ. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! हातपाय बारीक आणि चरबी मात्र आत साठलेली, ही आपली ठेवण. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ झाला की सावध व्हायचं.

हे सांगितलं की समोरून उत्तर येतं, "डॉक्टर, व्यायामाला वेळच मिळत नाही हो." हे खोटं नसतं. नोकरी, मुलांच्या शाळा, म्हातारे आईवडील. पहाटे उठून मैदानावर जाणं दहा दिवस जमतं, अकराव्या दिवशी पाहुणे येतात. म्हणून मी आता व्यायामाचं विचारतच नाही. विचारतो, "कामावर कसे जाता?"

या प्रश्नामागे आधार आहे. लखनौ, नागपूर, हैदराबाद आणि बंगळूर इथल्या कारखान्यांतले कामगार, त्यांचे जोडीदार आणि त्यांची गावाकडची भावंडं यांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. स्वतःच्या गाडीने कामावर जाणाऱ्यांत निम्म्यांचं वजन जास्त निघालं. बस किंवा रेल्वेने जाणाऱ्यांत हे प्रमाण ३८ टक्क्यांच्या आसपास, आणि चालत किंवा सायकलने जाणाऱ्यांत चारातला एक. मला त्यातला बसवाल्यांचा आकडा फार महत्त्वाचा वाटतो. बस दारात येत नाही ना! थांब्यापर्यंतची ती पायपीट कामी येते. गावाकडे बहुतेक लोक पायी किंवा सायकलने कामावर जात होते; शहरात असे लोक फारच कमी.

आता, चालणाऱ्याचं वजन कमी दिसलं म्हणजे ते चालण्यानेच कमी झालं, असं एका पाहणीवरून ठामपणे म्हणता येत नाही. पण ब्रिटनमध्येही ४० ते ६९ वयाच्या दीड लाखाहून अधिक लोकांची माहिती तपासली, ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. उत्पन्न, दारू-सिगारेट, इतर व्यायाम, हे हिशेबात धरूनही सायकलने कामावर जाणारा सर्वसाधारण पुरुष गाडीने जाणाऱ्यापेक्षा सुमारे ५ किलोंनी हलका भरला. बायकांतही साडेचार किलोंच्या आसपास फरक होता.

माझे एक पेशंट आहेत, वय ४६, राहायला नागपुरात जयप्रकाश नगरच्या बाजूला, कचेरी सीताबर्डीला. घेर ९८. त्यांनी स्कूटर घरी ठेवली आणि मेट्रो धरली. स्टेशनपर्यंतचं आणि स्टेशनपासूनचं, जाऊन-येऊन तीनेक किलोमीटर चालणं होतं. त्यांच्या वजनाच्या माणसाचे किलोमीटरमागे पन्नास-साठ कॅलरी खर्च होतात. म्हणजे दिवसाला अर्धा समोसा म्हणा. थोडंच, पण रोज. कचेरी चुकत नाही, म्हणून चालणंही चुकत नाही. सात महिन्यांनी घेर ९३ आणि वजन ४ किलोंनी कमी. मधल्या काळात संध्याकाळचा समोसाही सुटला, तेव्हा सगळं श्रेय मी चालण्याला देणार नाही. गुडघे मात्र दुखेनासे झाले, हे ते स्वतःहून सांगतात.

सायकलचं म्हणाल तर पाच-सहा किलोमीटरचं अंतर अर्ध्या तासात आरामात कापता येतं. सीटची उंची मात्र नीट करून घ्या. पायडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला हवा. सीट खाली दबलेली असली की गुडघे धरतात, आणि दोष सायकलला लागतो. मे महिन्यात ४५ अंशांत दुपारी पायी निघू नका, हे मी वैदर्भीयांना वेगळं सांगायला नको. सकाळचं जाणं पायी करा, परतताना उन्हं उतरली नसतील तर बस घ्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, छातीत दुखत असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

त्या पेशंटबरोबर मी एकदा त्यांच्या घरापासून स्टेशनपर्यंत चाललो. फुटपाथ आहे, पण त्यावर आधी गाड्या लावलेल्या, पुढे डीपीचा लोखंडी डबा, त्यापुढे उखडलेल्या फरश्या. तीन ठिकाणी आम्हाला वाहत्या रस्त्यावर उतरावं लागलं, आणि प्रत्येक वेळी त्यांनी माझा दंड धरला. औषधाची चिठ्ठी मी लिहून देऊ शकतो. हा फुटपाथ मोकळा करून द्या, असा अर्ज त्यांनी आणि मी मिळून लिहिला आहे. शेजारच्या चौदा घरांनी त्यावर सह्या केल्यात.

नमस्कार.